एकाच मंगळवारची एकोणीसशे उत्तरं

मास्तरांना सगळे मास्तर म्हणायचे, पण त्यांनी आयुष्यात कुणाला एक पाढा शिकवला नव्हता. पंचवीस वर्षांपूर्वी एका छापखान्याच्या मालकाने हौसेहौसेने शहराची वेबसाइट काढली. ती सांभाळणाऱ्याला वेबमास्टर म्हणतात, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. पहिल्या आठवड्यात त्याचं वेबमास्तर झालं, दुसऱ्या आठवड्यात नुसतं मास्तर, आणि ते जे चिकटलं ते चिकटलंच. आता कंपनीच्या ओळखपत्रावर त्यांचं खरं नाव आहे म्हणून बरं, नाहीतर ते त्यांनाही आठवलं नसतं.

छापखान्याच्या वरच्या खोलीत एक संगणक, एक किंचाळणारा मोडेम आणि मास्तर, एवढाच सगळा संसार. साइटवर काय होतं? बसच्या वेळा, डॉक्टरांचे पत्ते, नळदुरुस्तीवाल्यांचे फोन, आणि पहिल्या पानावर तळाशी एक आकडा, आजवर किती जण येऊन गेले त्याचा. मालक स्वतःच दिवसातून चाळीस वेळा पान उघडायचा आणि संध्याकाळी जिना चढून यायचा. म्हणायचा, "मास्तर, आज गर्दी आहे हां!" मास्तर मान डोलवायचे. पगार देणाऱ्या माणसाच्या आनंदात खडा कशाला टाका?

मास्तरांची बायको त्याच छापखान्यात खाली मुद्रितं तपासायची. चुका काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, छापील मजकुरात नाही आणि घरातही नाही. एकदा ती वर आली, दहा मिनिटं साइट चाळली आणि म्हणाली, "सगळं आहे हो तुमच्याकडे. बोलायला माणूस तेवढा नाही." त्या वाक्यातून 'काकूंना विचारा' हे पान निघालं. ती तेव्हा जेमतेम चौतिशीची. मुलगी शाळेत जात होती. पण काकू म्हटल्याशिवाय लोक मन मोकळं करणार नाहीत, हे तिनेच ठरवलं.

आणि लोकांनी केलं की हो! कुणाचा भाऊ बोलत नाही, कुणाचं लग्न जमत नाही, कुणाला नोकरी सोडावीशी वाटते आणि धीर होत नाही. काकू तोडून बोलायची, पण तुटेपर्यंत बोलायची नाही. एका बाईने विचारलं, नवरा चार महिने माझ्याशी बोललेला नाही, काय करू? काकूने लिहिलं, "तुम्ही दोन दिवस घरातली प्रत्येक वस्तू जागा बदलून ठेवा. तिसऱ्या दिवशी तो चष्मा कुठे आहे म्हणून विचारेल. तिथून पुढे तुमच्या हातात." त्या एका उत्तरावर साइट वर्षभर तरली. मालकाला आता स्वतः पान उघडायची गरज उरली नाही.

पुढे काय काय झालं ते तुम्हा-आम्हाला माहीत आहे. दर चार-पाच वर्षांनी कुणीतरी टाय लावून यायचा आणि सांगायचा की आता सगळं बदललंय. वेबसाइट संपली, आता ब्लॉग. ब्लॉग संपले, आता लोक एकमेकांच्या भिंतींवर लिहिणार. भिंती संपल्या, आता ॲप. आता वाचतंय कोण, आता अर्ध्या मिनिटाचे व्हिडिओ. मास्तरांनी यातलं प्रत्येक शिकून घेतलं, मान खाली घालून, कुरकुर न करता. मालकाने साइट विकली, घेणाऱ्याने पुढे विकली, आणि प्रत्येक वेळी मास्तर सामानाबरोबर गेले. सध्या ते एका काचेच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर बसतात. तिथे खिडक्या उघडत नाहीत.

मध्ये एक गोष्ट घडली, ती सांगायला हवी. बारा वर्षांपूर्वी बायको आजारी पडली. सुरुवातीला ती पलंगावरून सांगायची आणि मास्तर टाइप करायचे. मग तिला एका दमात दोन वाक्यंही होईनात. एक दिवस म्हणाली, "बंद करा ते पान." मास्तर हो म्हणाले आणि केलं नाही. तिच्या नावाने रोज दोन-तीन प्रश्न येत होते. ते यायचे थांबले तर उरलं काय, असं त्यांना वाटलं असेल. त्यांनी काकूंच्या नावाने स्वतःच उत्तरं लिहायला घेतली. तिला सांगितलं नाही, मालकाला नाही, शिकायला परगावी असलेल्या लेकीला तर नाहीच. सात महिने कुणाला पत्ता लागला नाही. बायको गेली त्यानंतर तीन आठवड्यांनी त्यांनी पान बंद केलं.

पुढच्या वर्षी सगळी जुनी पानं नव्या व्यवस्थेत हलवायची होती, आणि तिथे मास्तर तोंडावर आपटले. जुन्या फाइलींना त्यांनी विषयांची नावं दिली होती, 'भाऊ बोलत नाही', 'घर बदलावं का', अशी. तारीख फाइलीच्या आत कुठेच नव्हती. ती फक्त फाइल कधी ठेवली त्यावरून दिसायची. नवीन व्यवस्थेने फाइली वर्णक्रमाने गिळल्या आणि सगळ्यांवर त्या दिवसाची तारीख मारली. एकोणीसशे उत्तरं, सगळी एकाच मंगळवारी लिहिलेली! जरा जुन्या माणसाला विचारा, या धंद्यात ही चूक न केलेला माणूस सापडणार नाही. मास्तरांनी ते पाहिलं, म्हणाले, तारखा कोण बघतंय. जुनी मशीन भंगारात गेली. मास्तरांना तेव्हा कशाचंच काही वाटत नव्हतं. ऑफिसात लोक म्हणायचे, किती शांत माणूस. शांत कसला, माणूस आतून सुन्न पडला होता, आणि सुन्न माणूस ओरडत नाही एवढंच.

आता यंदाची गोष्ट. कंपनीने ठरवलं की लोकांशी बोलणारी एक 'काकू' बनवायची. माणूस नाही, यंत्र. तुम्ही प्रश्न टाकायचा, ते काकूच्या ढंगात उत्तर देणार. शिकवायला एकोणीसशे उत्तरं तयारच होती. मास्तरांना त्या गटात टाकलं, कारण काकू म्हणजे यांची बायको, यांच्याइतकं कुणाला कळणार? गटाची प्रमुख तिशीच्या आतली एक हुशार बाई होती. तिने पहिल्याच दिवशी विचारलं, "सर, तुम्हाला त्रास होणार नाही ना?"

"नाही," मास्तर म्हणाले. आणि खरंच झाला नाही.

काम असं होतं. पडद्यावर एक प्रश्न, खाली यंत्राचं उत्तर, आणि दोन बटणं. 'काकूंसारखं' किंवा 'नाही'. दिवसाला दोनशे. मेलेल्या बायकोसारखं कोण बोलतंय आणि कोण नाही, हे मास्तर सकाळी साडेनऊ ते सहा ठरवायचे, मध्ये डबा खायचे, आणि घरी जायचे. घरी गेल्यावर दूरदर्शनसमोर बसायचे. काय लागलंय ते बघायचे नाहीत.

शिवाय आणखी एक काम होतं. जुन्यांतली पन्नास उत्तरं निवडून द्यायची, काकूच्या स्वभावाचा अर्क म्हणून. ही पन्नास यंत्रापुढे कायम राहणार होती. बोलण्याआधी ते दर वेळी त्यांच्याकडे बघणार. मास्तरांनी मनाशी ठरवलं की ही पन्नास तरी अस्सल तिचीच द्यायची, माझं त्यात एक वाक्य नको. बसले निवडायला, आणि घोडं अडलं. कुठलं तिचं आणि कुठलं आपलं, हेच त्यांना कळेना. सात महिने त्यांनी तिची इतकी हुबेहूब नक्कल केली होती, की आता दोन्ही सारखंच वाचलं जात होतं. चष्म्याचं उत्तर तिचं, हे नक्की. अशी तीस-बत्तीस नक्की होती. पुढे सगळा अंधार. तारखा असत्या तर एका मिनिटाचं काम होतं. जुनी पानं साठवून ठेवणाऱ्या साइटवरही त्यांनी शोधलं. तिथे फक्त पहिलं पान मिळालं, बसच्या वेळांसकट.

त्या रविवारी लेकीचा फोन आला. ती आता तेहेतीस वर्षांची, दुसऱ्या शहरात प्रयोगशाळेत कामाला. बापलेकीचं बोलणं म्हणजे जेवलात का, हो, गोळ्या घेतल्या का, हो. पण पन्नास उत्तरांचं काम मास्तरांनी मागच्या फोनवर तिच्या कानावर घातलं होतं, म्हणून या वेळी ती वेगळंच बोलली.

"बाबा, त्या पन्नासात एक उत्तर घालाच. 'चौथा मजला' या नावाने विचारलेलं."

"कोण चौथा मजला?"

"मी."

मास्तरांनी दूरदर्शनचा आवाज बंद केला.

"मी होस्टेलला चौथ्या मजल्यावर होते ना," ती म्हणाली. "शेवटचं वर्ष. तुम्ही फोनवर रोज सांगायचात, बरी आहे, बरी आहे. माझा विश्वास बसत नव्हता. म्हणून मी आईलाच विचारलं, खोट्या नावाने. लिहिलं की माझी आई आजारी आहे, घरचे नीट काही सांगत नाहीत, परीक्षा तोंडावर आहे, सगळं सोडून जाऊ का?"

"मग?"

"मग काय, तिने ओळखलं मला! अहो, काय लिहिलं होतं माहितीये? 'तू तिथेच थांब. पेपर नीट दे. इथलं आम्ही बघतो.' बाबा, परक्या मुलीला कुणी 'इथलं आम्ही बघतो' असं लिहील का? तिने बरोबर ओळखलं, आणि मलाच सांगितलं. मी शेवटच्या दिवसांत आले नाही, ते कुणाला वाटलं असेल मी निर्दयी म्हणून. पण मला माहीत होतं की तिनेच थांब म्हटलंय. तेवढ्यावर मी बारा वर्षं काढली. तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण ते आमच्या दोघींतलं होतं."

"बरं," मास्तर म्हणाले. "बघतो."

सोमवारी त्यांनी ते उत्तर शोधलं. प्रश्न दहा ओळींचा, उत्तर चार ओळींचं. वाचताक्षणी सगळं आठवलं. दवाखान्याचा व्हरांडा, मांडीवर भाच्याकडून आणलेला लॅपटॉप, शेजारी कुणीतरी फरशी पुसत होतं. त्याच दुपारी ते फोनवर लेकीला म्हणाले होते की इथलं आम्ही बघतो. तासाभराने कुठल्याशा मुलीचा प्रश्न समोर आला आणि डोक्यात तेच वाक्य घोळत होतं, ते तसंच उतरलं. ती मुलगी कोण, हे त्यांच्या गावीही नव्हतं. काकू कुणालाही असं लिहिणार नाही. तिने एक तरी उलटा प्रश्न विचारला असता. बाईचा स्वभावच तो.

एकोणीसशेपैकी हे एक उत्तर आपलं आहे, याची आता त्यांना शंभर टक्के खात्री होती.

मास्तरांनी ते पन्नासात घातलं. अगदी वर. लेकीला निरोप पाठवला, "घातलं." तिने उलट एक हसरा चेहरा पाठवला आणि यादीची प्रत मागितली. मास्तरांनी विचार केला, कुणाचं काय बिघडतं? मुलगी सुखात आहे, राहू दे. आणि ते पुढच्या दोनशेकडे वळले. छातीत काहीतरी हललंसं वाटलं, पण ते अपचनही असू शकेल, असं त्यांनी ठरवलं.

पंधरा दिवसांनी काकू बोलायला तयार झाली. अजून बाहेर सोडली नव्हती, ऑफिसातलेच लोक तिला खोदून खोदून विचारत होते. बरीचशी थट्टाच. साहेब ओरडतो, काय करू? काकू म्हणाली, साहेबाला डबा द्या, भरल्या तोंडाने ओरडता येत नाही. सगळे हसले. मास्तरांनी 'काकूंसारखं' दाबलं.

दुपारी गटप्रमुख त्यांच्या टेबलाशी आली, हातात फोन. चेहरा जरा वेगळाच दिसत होता.

"सर, तुमची काकू म्हणजे कमाल आहे. मी सहज विचारलं हां. माझ्या आईचं पुढच्या बुधवारी ऑपरेशन आहे आणि इथे गुरुवारी हे सगळं बाहेर सोडायचंय. काल रात्रभर माझं चाललं होतं, जाऊ की नको. आई म्हणते येऊ नकोस, पण तिचं काय, ती तेच म्हणणार. हे बघा, काकूने काय सांगितलं."

तिने फोन पुढे धरला. 'तू तिथेच थांब. हातातलं काम नीट पार पाड. इथलं आम्ही बघतो.'

"डोळ्यात पाणीच आलं हो," ती म्हणाली. "कुणीतरी मोठं माणूस पाठीवर हात ठेवून सांगतंय असं वाटलं. चला, ठरलं माझं. नाही जात."

मास्तर त्या तीन वाक्यांकडे बघत राहिले. दवाखान्याच्या व्हरांड्यातून बाहेर पडलेलं वाक्य, बारा वर्षांनी इथे, सहाव्या मजल्यावर. आणि गुरुवारपासून ते लाखो लोकांच्या हातात जाणार. 'आम्ही' म्हणजे कोण? कोण बघणार होतं?

"जा तुम्ही," मास्तर म्हणाले.

"काय?"

"जा म्हणतोय आईकडे. आजच तिकीट काढा. काम राहू दे, मी बघतो."

"अहो सर, पण काकू..."

"ती काकू नाही!" मास्तर एवढ्या मोठ्याने बोलले, की पलीकडच्या रांगेतली तीन डोकी वर झाली. बारा वर्षांत त्या माणसाचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. "ते मी लिहिलंय. मला काय कळत होतं? मी घाबरलो होतो. पोरगी आली तर तिला खरं काय ते सांगावं लागेल, आणि मग मला स्वतःलाही ते मानावं लागेल, म्हणून मी तिला येऊ दिलं नाही. हे शहाणपण नाही हो, ही भीती आहे. तुम्ही हे यंत्राला शिकवताय!"

प्रमुखने फोन खाली घेतला. मग तिने हळूच विचारलं, "सर, हे तुमच्या मुलीला माहीत आहे?"

 मास्तरांनी पडद्याकडे वळून पन्नासांतलं पहिलं उत्तर काढून टाकलं. यंत्राने विचारलं, कारण? तिथे चार पर्याय होते. त्यांनी शेवटचा निवडला, 'काकूंचं नाही'. यादी आपोआप सुधारली जाणार होती, आणि तिची प्रत लेकीकडे जायची, कारण तिनेच हौसेने मागितली होती. म्हणजे संध्याकाळपर्यंत तिला कळणारच. यंत्राकडून कळण्यापेक्षा आपल्याकडून कळलेलं बरं, एवढं तरी मास्तरांना समजलं.

ते जिन्यात गेले. तिथे कुणी नसतं, सगळे लिफ्टने जातात. पायरीवर बसून त्यांनी फोन लावला.

"बाबा? कामाच्या वेळेत कसा फोन? बरे आहात ना?"

"चौथ्या मजल्याचं उत्तर," मास्तर म्हणाले, "ते आईचं नाही. मी लिहिलं होतं."

 पलीकडे प्रयोगशाळेत कसलं तरी यंत्र घुमत होतं, ते ऐकू येत होतं. मग दार लागल्याचा आवाज झाला आणि तेही बंद झालं.

"तिने सांगितलं आणि तुम्ही टाइप केलं, असं?"

"नाही. तेव्हा ती सांगायच्या अवस्थेत नव्हती. शेवटचे सात महिने सगळी उत्तरं मीच लिहीत होतो. ती तू आहेस हे मला माहीत नव्हतं. कळलं असतं तर..."  कळलं असतं तरी त्यांनी तेच लिहिलं असतं, आणि हे त्यांना ठाऊक होतं.

"म्हणजे तिला माझा प्रश्न कळलाच नाही."

"नाही."

"बाबा, मग तिला काय हवं होतं? मी यावं, की येऊ नये?"

इथे खोटं बोलता आलं असतं. बारा वर्षांचा सराव होता, जीभही सैल झाली होती, आणि पलीकडे पोटची पोर होती. पण मास्तरांना एकाएकी बायको डोळ्यांसमोर दिसली, उशीवर मान वळवून दाराकडे बघणारी. इतक्या वर्षांत ती त्यांना दिसली नव्हती. त्यांनी कठडा धरला.

"विचारायची," ते म्हणाले. "तू कधी येणार म्हणून."

"कितीदा?"

"रोज. सकाळी जाग आली की पहिलं तेच. मी म्हणायचो, परीक्षा झाली की येईल."

लेक रडली असती तर बरं झालं असतं. तिचा आवाज कोरडाच होता.

"रोज सकाळी," ती म्हणाली. "मीही रोज सकाळीच वाचायचे बाबा ते उत्तर. पेपरला निघण्याआधी. वाटायचं, आईशी बोलून निघतेय."

मास्तरांनी तोंड उघडलं. शब्द काही आला नाही, नुसताच एक आवाज आला, आणि तो आपला आहे हे त्यांना जरा उशिरा कळलं. फोन दोघांपैकी कुणीच ठेवला नाही.